धारखोलचे उंदीर

"ओता," मी खालून म्हणालो.

भिकाजी मेस्त्रींनी शिडीवरून झारी कलती केली. चाचणीसाठी छपराची एक लहान चौकट उभी केली होती, तिच्याखाली मी पाठीवर पडून होतो. छातीवर टीपकागदाचे चार ताव पसरले होते आणि हातात टॉर्च होता. वर वासे, वाशांवर काळं जाड प्लास्टिक, त्यावर रिपा आणि सगळ्यांत वर मंगलोरी कौलं. त्यातली तीन कौलं मी मुद्दाम काढून ठेवली होती. पाणी थेट प्लास्टिकवर पडत होतं आणि उतारावरून खाली मातीत जात होतं. टीपकागद कोरडे होते.

"अजून एक झारी."

"सायबानू, पाऊस झारीतसून पडत नाय," मेस्त्री म्हणाले, पण त्यांनी ओतली.

तीही कोरडी गेली. मी वहीत लिहिलं: नमुना दोन, थेंब शून्य.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि पुण्याच्या एका संस्थेत क्षेत्र-पर्यवेक्षक म्हणून नोकरी करत होतो. धारखोल हे घाटाच्या पायथ्याचं गाव. आदल्या पावसाळ्यात डोंगराची एक बाजू खाली आली आणि वरची वाडी राहण्यासारखी उरली नाही. माणसं वाचली, घरं गेली. संस्था खालच्या सपाटीवर अडतीस घरं बांधून देणार होती. मे महिन्यात पहिलं घर उभं राहायचं, पावसाळाभर ते तपासायचं आणि चतुर्थीच्या सुमाराला उरलेल्या सदतीस घरांचा निर्णय करायचा, असं ठरलं होतं. चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर यांबद्दल वाद नव्हता. प्रश्न होता कौलांच्या खाली काय घालायचं आणि पश्चिमेच्या भिंतीला पावसापासून कसं वाचवायचं.

मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडे छपराचा विचार करताना माणूस उन्हाचा विचार करतो. धारखोलला चार महिन्यांत जेवढा पाऊस पडे तेवढा पडायला आमच्या गावाला आठ-नऊ वर्षं लागत. म्हणून मी पाण्याचा धसका घेतला होता. दुसऱ्या कशाचा विचार मी केला नाही.

पुण्याहून तीन नमुने आले होते. पहिला डांबरी कागद. दुसरं काळं प्लास्टिक. तिसरं पांढरं, कापडासारखं दिसणारं, परदेशी. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतली वाफ बाहेर जाते. किंमत प्लास्टिकच्या तिप्पट. संस्थेचे अभियंता गोगटे सर फोनवर म्हणाले, "तुझं मत काय? तू तिथं आहेस."

"पांढऱ्याची गरज वाटत नाही सर. वाफेचा प्रश्न थंड देशांतला असावा. इथं घरांत वाफ कुठली?"

"ठीक आहे. पण लिहून पाठव."

मी लिहून पाठवलं. मी रोज काही ना काही लिहून पाठवत असे. संध्याकाळी पाचला पोस्टाची पिशवी निघायची, त्याआधी एक पान पूर्ण व्हायचं. ती सवय पुढे वर्तमानपत्रात उपयोगी पडली.

पश्चिमेच्या भिंतीचा निर्णय सोपा होता. गावात दर वर्षी मे अखेरीस त्या भिंतीला गवताच्या तट्ट्या बांधत आणि पाऊस गेला की सोडत. मी भिंतीवर डांबरी कागद ठोकून वर फळ्या मारायला लावल्या. ते काम उत्तम झालं, आजही टिकून आहे. छपरासाठी मी काळं प्लास्टिक निवडलं.

मेस्त्रींचं एकच म्हणणं होतं. आढ्यावर, म्हणजे जिथे दोन्ही उतार माथ्यावर मिळतात तिथे, चार बोटं फट ठेवावी.

"कशासाठी?"

"ठेवतत," ते म्हणाले.

"पण कशासाठी? पाणी येईल ना तिथून."

"वर कोनाची कौला बसतली. पाणी कसा येयत?"

"वाऱ्यानं येईल. फट नको. प्लास्टिक आढ्यावरून पलीकडे हातभर घ्या."

मेस्त्री साठीचे होते. त्यांनी त्या खोऱ्यातली निम्मी छपरं शाकारली होती. दर वर्षी पावसाआधी कौलं उतरवून, पुसून, फुटकी बदलून पुन्हा लावायची, हे त्यांचं वैशाखातलं काम. ते का असं विचारल्यावर त्यांना सांगता येत नसे, कारण तसं त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी प्लास्टिक आढ्यावरून हातभर पलीकडे घेतलं.

पहिलं घर कुणाला द्यायचं हे वाडीनं ठरवलं होतं. सत्यवती घाडी. वय बासष्ट, नवरा नाही, एकुलता मुलगा कोल्हापूरला एका कारखान्यात. दरड आली तेव्हा तिच्या जुन्या घराची मागची भिंत चुलीसकट गेली आणि ती पुढच्या पडवीत भात पाखडत बसली होती म्हणून राहिली. सगळे तिला घाडीकाकी म्हणत.

पहिल्या भेटीत तिनं मला नाव विचारलं.

"दुधाळ."

"दुधाळ?" तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "अंगार तर वाटीभर दूध दिसना नाय. जेवतंस खय?"

"शाळेत. स्वतः करतो."

"काय करतंस?"

"खिचडी."

"रोज?"

"रोज."

"मगे बरोबर," ती म्हणाली आणि आत जाऊन भाकरी आणि कुळथाची पिठी घेऊन आली.

तिचा मुलगा दत्ताराम घर पाहायला मेच्या शेवटच्या रविवारी आला. चाळिशीचा, बारीक मिशीचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं भिंतींवरून हात फिरवला, वर पाहिलं, मला दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. मग माझ्यासमोरच आईला म्हणाला, "आये, तुका दमो आसा. डॉक्टरान काय सांगितल्यान? ओलीत रवाचा नाय. माझ्याकडे दोन खोल्ये आसत. चल."

"तुझ्या दोन खोल्यांत माझी वाली खय लावू? कपाटार?"

"हसू नको. मी सांगतंय ता आईक."

"आइकलंय. घर नवा आसा. हो दुधाळ म्हणता, एक थेंब पडाचो नाय."

दत्तारामनं माझ्याकडे पाहिलं. "असं म्हणालात तुम्ही?"

"चाचणीत शून्य आलंय," मी म्हणालो.

"ठीक आहे." तो आईकडे वळला. "मी चतुर्थीक येतलंय. तोवर घर कोरडा रवला तर परत कधी इचारूचंय नाय. पण एक थेंब जरी गळलो, तर गणपती पोचवून तू माझ्यावांगडा येतलंस. बोल."

काकीनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "बरा."

हा करार झाला तेव्हा तिथे आम्ही चौघं होतो. चौथे मेस्त्री. त्यांनी पान चघळणं थांबवून एकदा वर आढ्याकडे पाहिलं.

पाऊस सात जूनला लागला. मी रोज सकाळी आठला काकीच्या घरी जात असे, चारही खोल्यांत टॉर्च मारून छप्पर आणि भिंती पाहत असे आणि वहीत आकडा लिहीत असे. त्या वहीच्या नोंदी मला अजून आठवतात, कारण त्या सगळ्या सारख्या होत्या. थेंब शून्य. पश्चिम भिंत कोरडी. थेंब शून्य.

जूनमध्ये काकी मला नेहमी पडवीत बसलेली सापडे. पाऊस तिरका आत येत असला तरी पडवीतच, डोक्यावर इरलं घेऊन.

"आत बसा की. भिजाल."

"वारो घेतंय."

तिला खोकला होता. तिसऱ्या आठवड्यात तो वाढला. बोलताना मध्येच थांबून ती खांबाला धरून उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "ह्या दिवसांत असतोच." एकदा तिच्या पातळाच्या खांद्यावर काळसर डाग दिसले, वाळलेले, काजळीचे असावेत असे. लाकडं ओली आहेत, ती म्हणाली. मी ते लिहिलं नाही. छपराशी त्याचा संबंध नव्हता.

त्या दिवसांत संध्याकाळी पोस्टाच्या पिशवीत पान टाकून शाळेकडे परतताना उतारावर एक जागा लागे, तिथून खालची सगळी वस्ती दिसायची. उरलेली कुटुंबं तात्पुरत्या झोपड्यांत आणि जुन्या गोठ्यांत राहत होती, वर साधी कौलं किंवा गवत. चुली पेटल्या की त्या सगळ्या छपरांतून धूर झिरपायचा. एका भोकातून नाही, सगळ्या कौलांच्या फटींतून एकदम, दुधावरची साय हलावी तसा. फक्त काकीच्या नव्या घराचं छप्पर काळंभोर, स्वच्छ असायचं. त्यावर काहीच नसायचं. मला ते पाहून बरं वाटायचं. बंद काम, मी मनात म्हणत असे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर काकी घरात बसू लागली. खोकला उतरला. महिनाअखेरीस ती परसात वालीच्या वेलाला मांडव घालत होती. मी त्या दिवशी अहवालात लिहिलं: 'लाभार्थीचा दमा स्पष्टपणे कमी. कोरड्या घराचा परिणाम.' गोगटे सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून मला उलटटपाली कळवलं की देणगीदारांना हे वाक्य दाखवणार आहोत.

जुलैच्या मध्यापासून एक बारीक बदल झाला होता. तो मी पाहिला, पण लिहिला नाही. माझ्या भेटीच्या वेळी चुलीवर नेहमी पाण्याचा मोठा टोप ठेवलेला असायचा, म्हणून त्या बाजूला मी दारातूनच टॉर्च मारत असे.

सप्टेंबरच्या मध्याला चतुर्थी आली. दत्ताराम आदल्या संध्याकाळी आला. गणपती बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी गोगटे सर जीपनं पोहोचले, कारण त्यांना घर पाहून त्याच मुक्कामात सदतीस घरांच्या मालाची यादी पक्की करायची होती. पाऊस पहाटेपासून पश्चिमेचा, जोराचा होता. काकीनं सगळ्यांना जेवायला बसवलं. स्वयंपाकघरात पाटावर गोगटे सर, दत्ताराम, मेस्त्री आणि मी. टोप चुलीवरून उतरवून बाजूला ठेवला होता, कारण तिथे आता तळणीची कढई होती. वडे झाले, कढईही उतरली. चुलीत निखारे राहिले.

"उत्तम घर आहे," गोगटे सर म्हणाले. "आवाज कमी येतो पावसाचा."

चर्र.

कुणी लक्ष दिलं नाही. दत्ताराम वडा मोडत होता.

चर्र.

त्यानं वडा पानात ठेवला. आम्ही सगळे गप्प झालो आणि गप्प झाल्यामुळे तिसरा आवाज स्पष्ट आला. निखाऱ्यातून राखेचा बारीक फवारा उडाला.

दत्ताराम उठला, चुलीजवळ गेला आणि तळहात पुढे करून उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं हात मागे घेतला आणि आईला दाखवला. तळहातावर एक काळा थेंब होता.

"आये."

काकीनं वड्यांची परात उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"कवापासून गळता?"

"आजच."

"आये."

"शिडी आण," गोगटे सर मला म्हणाले. "बघ काय आहे. शीटच्या जोडात असेल तर आत्ताच कळायला हवं. सदतीस घरं आहेत."

मी शिडी आतून लावली आणि वर चढलो. चुलीच्या बरोबर वर, दोन वाशांच्या मधे, प्लास्टिक हातभर लांब कापलेलं होतं. एका फटक्यात, सरळ. कडा काजळीनं काळ्या झाल्या होत्या, म्हणजे काप जुना होता, दोन महिन्यांचा तरी. कापलेली बाजू नीट दुमडून रिपेखाली खोचली होती. त्या जागेवरचं एक कौल लाकडाची ढलपी घालून किंचित उचललेलं होतं. ढलपीसुद्धा नीट तासलेली.

आणि मी दुसरं जे पाहिलं ते असं. त्या कापापासून दूर, कोपऱ्यांकडे, प्लास्टिकच्या खालच्या अंगाला, घराच्या आतल्या बाजूला, काळे थेंब लटकत होते. बाहेरून आलेले नव्हते. वर कौलं धड होती. मी बोट लावलं. थेंब कोमट, चिकट होता आणि त्याला धुराचा वास होता. एवढे तीन महिने मी रोज टॉर्च मारून वर पाहत होतो, सकाळी आठला, चूल पेटायच्या आधी.

मी वर जितका वेळ राहिलो तो अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नसावा. खाली चार माणसं वाट पाहत होती. गोगटे सरांच्या हातात यादीची फाइल होती. दत्तारामनं हात अजून पुसला नव्हता. काकी मात्र माझ्याकडे पाहत नव्हती, चुलीकडे पाहत होती. तिची कोयती कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, मुठीवर उभी होती.

मी खाली उतरलो.

"काय आहे?" गोगटे सरांनी विचारलं.

"उंदीर," मी म्हणालो. "कुरतडलंय."

"जोड?"

"जोड ठीक आहेत. शीट ठीक आहे. उंदरानं खाल्लंय एका जागी."

"मग दुरुस्त करता येईल."

"आज करतो."

सरांनी फाइलीत काहीतरी लिहिलं. दत्ताराम माझ्याकडे बघत राहिला. "उंदीर?"

"नव्या घरात येतातच," मी म्हणालो. "वर धान्य ठेवलं की."

तो पुन्हा पाटावर बसला. मग आईला म्हणाला, "औषध घाल त्यांका." आणि वडा खाल्ला. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. गणपती पोचवून पाचव्या दिवशी तो एकटाच कोल्हापूरला गेला.

मेस्त्रींनी पानातलं सगळं संपवलं, हात धुतला आणि बाहेर पडताना मला म्हणाले, "बरो उंदीर होतो. रीप सोडून कुरतडल्यान."

संध्याकाळी मी प्लास्टिकचा तुकडा आणि डांबर घेऊन काकीकडे गेलो. गोगटे सर शाळेत आराम करत होते आणि दत्ताराम शेजारी आरतीला गेला होता.

"शिवतलंस?" तिनं विचारलं.

"दुरुस्त करतो म्हणालोय."

"कर. पण आधी बस."

तिनं दार लावलं. खिडकीचं लावलेलंच होतं, पाऊस पश्चिमेचा होता. मग शिडीवर चढून तिनं कापलेली पट्टी परत खाली ओढली, त्यावर सुपली दाबून खुंटीनं अडकवली आणि खाली येऊन चूल पेटवली. लाकडं ओली होती. तिनं वर भाताचं आधण ठेवलं आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली.

मी तीन मिनिटं बसलो. घड्याळ पाहिलं म्हणून सांगू शकतो. दुसऱ्या मिनिटाला मला तिचा चेहरा दिसत नव्हता. तिसऱ्या मिनिटाला मानेवर थेंब पडला, कोमट. मी उठून दार उघडलं आणि पडवीत जाऊन खांबाला धरून खोकलो. जूनमध्ये ती जसा खांब धरत असे, अगदी तसा.

ती मागून आली, तिलाही खोकला लागला होता, पण ती हसत होती.

"वारो घेतंस?" ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू रोज सकाळी येऊन इतक्या आनंदान शून्य लिवीस. आणि सांगितला असता तर? गळता म्हणान झिलान माका नेल्यान असता. घुसमटता म्हणान सांगितला असता तरी नेल्यान असता. म्हणान कापलंय. थेंब पडलो तर चुलीत नायतर टोपात पडतलो, कोणाक दिसाचो नाय, असा वाटला."

मी सुपली काढली. डांबर वापरलं नाही. मेस्त्रींना बोलावून तिथे दोन उंच कोनाची कौलं बसवून घेतली, धूर जाईल आणि पाऊस येणार नाही अशी. त्यांना ते करायला पाऊण तास लागला. आढ्यावरच्या चार बोटांच्या फटीबद्दल ते काही बोलले नाहीत. मी पण विचारलं नाही.

त्यानंतर मला अकरा दिवस मिळाले. मालाची मागणी अकराव्या दिवशी पुण्याहून जाणार होती. रोज एक पान मी पाठवतच होतो. त्या अकरा पानांपैकी कुठल्याही एकात मला लिहिता आलं असतं की प्लास्टिक या घरांना चालणार नाही, इथे चुली आहेत, आढ्याला फट हवी, नाहीतर ते पांढरं कापड आणा. पण मग उंदराचं काय झालं हे लिहावं लागलं असतं. आणि ते दत्तारामला कळलं असतं. हे कारण मी स्वतःला दिलं. दुसरंही एक कारण होतं, ते म्हणजे देणगीदारांना दाखवलेलं ते वाक्य. दोन्हींचं प्रमाण किती होतं ते मी आज सांगू शकत नाही.

सदतीस घरांवर काळं प्लास्टिक पडलं. आढ्यावरून पलीकडे हातभर.

पुढच्या जुलैमध्ये मी पाहणीसाठी पुन्हा धारखोलला गेलो. मधल्या काळात संस्थेनं मला दुसऱ्या कामावर नेलं होतं. नवी वही घेतली होती, सदतीस रकाने आखून.

पहिलं घर लवू परबाचं. त्याची बायको शेवंती दारात होती. मी वर टॉर्च मारला. चुलीच्या वर काप होता.

"हे काय?"

"उंदीर," शेवंती म्हणाली.

दुसऱ्या घरात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं, "उंदीर झालेत ओ."

तिसऱ्या घरात उंदीर. चौथ्यात उंदीर. सहाव्या घरातल्या बाईला हसू आवरलं नाही, ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "मोठे आसत. कोयती घेवन फिरतत." आणि आतून दुसरी ओरडली, "गप गे!"

नवव्या घरापासून मी विचारणं सोडलं. सगळे काप चुलीच्या वर होते, हातभर लांब, सरळ, पट्टी रिपेखाली खोचलेली. एकाच हाताचे. कुठे थेंब निखाऱ्यात पडत होता, कुठे जमिनीवर पातेलं ठेवलं होतं. दोन घरांत भात भिजून मोड आले होते. कुणी तक्रार केली नव्हती. संस्थेकडे एक पत्र गेलं नव्हतं.

मी काकीकडे गेलो. ती चुलीसमोर बसून नारळ किसत होती. वर मेस्त्रींची दोन कौलं होती, आणि घर कोरडं होतं.

"सगळीकडे तुम्हीच कापलंत?"

"आणि कोण? बायांका शिडयेर चढाक भय वाटता."

"त्यांची घरं गळतायत काकी. तुमच्यासारखी दोन कौलं बसवायची होती. मेस्त्री होते ना."

"मेस्त्री नवी कौला खयसून हाडतलो? ती संस्थेची. मागूची झाली तर कित्याक ता सांगूक होया."

"मग सांगायचं! पत्र लिहायचं पुण्याला. कुणीतरी लिहायचं."

तिनं किसणं थांबवलं. मी आवाज चढवला होता हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"तू लिवलंस ना, उंदीर?" ती म्हणाली. "सायबाच्या म्होऱ्यात सांगितलंस. माझ्यासाठी सांगितलंस. मगे आमी काय, तुका खोटो पाडूचो? तुझी नोकरी गेली तर? म्हणान मी सगळ्यांक सांगून ठेवलंय. कोण इलो तरी उंदीर म्हणा."

मी पाटावर बसलो. बाहेर पाऊस पश्चिमेचा होता. तिनं मला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि तो मी खाल्ला.

दुपारी शाळेत बसून मी अहवाल लिहिला. पोस्टाची पिशवी निघायला दोन तास होते. पहिल्या ओळीत लिहिलं की मागच्या वर्षीच्या सप्टेंबरच्या अहवालातलं छताच्या गळतीचं कारण खोटं आहे आणि ते मी दिलं आहे. मग धूर, वाफ, आढ्याची फट, मेस्त्रींचा सल्ला, पांढऱ्या कापडाबद्दलचं माझं मत. लाभार्थीच्या दम्याविषयीचं वाक्य मी रद्द केलं आणि दमा का कमी झाला ते लिहिलं. काप कुणी घातले हे लिहिलं नाही. 'रहिवाशांनी' असं लिहिलं. पिशवीत टाकायच्या आधी मी तो कागद काकीकडे नेला आणि वाचून दाखवला.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "रयवाशांनी म्हणजे कोणी?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी खय कापल्यानी? मी कापलंय."

"ते लिहिलं तर दत्तारामला कळेल. गेल्या वर्षीचंही."

"कळांदे. तो काय माका बांधून नेतलो?" तिनं विळी आडवी केली आणि हात पुसले. "आणि बघ, झिला. सगळा खरा लिवतंस ना? मगे माझा काम दुसऱ्याच्या नावार कित्याक?"

मी तिथेच, तिच्या चुलीसमोर बसून, एक ओळ वाढवली.

ऑक्टोबरमध्ये सगळ्या घरांच्या आढ्यांवरचं प्लास्टिक मेस्त्रींच्या हाताखाली चार बोटं कापण्यात आलं आणि चुलींवर उंच कौलं बसली. माझा करार मार्चमध्ये संपला, तो वाढवला गेला नाही. दत्ताराम त्या वर्षी चतुर्थीला आला तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. त्यानं आईशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी छपरावर चढून पागोळीची पन्हळ बसवून दिली. काकी त्या घरात आणखी अकरा वर्षं राहिली.

अहवालाची प्रत माझ्याकडे आहे. पुढे पंचवीस वर्षं मी रोज काही ना काही छापायला दिलं, पण जपून ठेवलेलं पान ते एकच. त्याची शेवटची ओळ अशी आहे:

'सर्व काप सत्यवती घाडी यांनी कोयतीने, एकटीने, चुलीच्या बरोबर वर, म्हणजे जिथे आम्ही जागा ठेवायला हवी होती तिथेच घातले आहेत.'